इब्राहिमचाचांची म्हातारी मशीन

ईदला लोक शिरखुर्मा आणतात. आमचे शेजारी इब्राहिमचाचा डब्याबरोबर पेनड्राइव्हही आणतात. डबा माझ्या बायकोच्या हातात देतात आणि तडक माझ्या कॉम्प्युटरकडे वळतात. पेनड्राइव्हमध्ये लिनक्स असतं, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरलाही पळवणारी फुकटची सिस्टीम. दर ईदला नवं.

चाचांची हयात कुवेतमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेली. आगरदांड्याला परतल्यापासून त्यांनी गावातला एकही कॉम्प्युटर सुखानं भंगारात जाऊ दिलेला नाही. "मशीन म्हातारी हाय, मेली न्हाय," हे त्यांचं पालुपद. जेट्टीजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातली मशीन त्यांनी अशीच वाचवली. चालते, नाही असं नाही. पण मध्येच रुसते, आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत तिची मनधरणी करावी लागते. तिकडे बोट सुटायला आलेली, समोर गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून उभं, आणि चाचा फोनवर सांगतात, "घाई करू नको, तिला दम घेऊ दे." गिऱ्हाईकाला दम कुठून आणू?

शेवटी वैतागून मी नवा कॉम्प्युटर घेतला. तासाभरात चाचा हजर.

"जुन्याची रॅमची पट्टी दे. माझ्या घरच्या मशीनची गेली. कालपास्नं चालू होत न्हाय."

"चाचा, पोरानं मस्कतहून नवा लॅपटॉप पाठवलाय ना? तो खोक्यात ठेवून त्या डबड्याच्या मागे काय लागलात?" माझा आवाज चढलाच.

चाचांनी जुन्या मशीनचं झाकण उघडलं. पट्टी काढली आणि मला हाताला धरून घरी नेलं. पट्टी बसली, मशीन कुरकुरली, आणि पडद्याच्या मधोमध एक मोठं हिरवं बटण उमटलं. आतून चाची आल्या. अलीकडे त्यांना फारशी माणसं आठवत नाहीत. पण त्या सवयीनं खुर्चीवर बसल्या आणि माउस नेमका त्या बटणावर नेऊन दाबला. पडद्यावर मस्कतहून व्हिडिओ कॉलवर मुलगा दिसला.

"लॅपटॉपवर तिला बटन गावत न्हाय," चाचा हळूच म्हणाले. "मग पोराला घरभर शोधत फिरते."

"जेवलास का रे?" चाची मुलाला विचारत होत्या. "मी बरी हाय. हे दोघं कारागीर आलेत मशीन बघायला. जातील आता."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला, "झालं हां काम, बाई," म्हणाले, आणि माझ्याबरोबर अंगणात येऊन उभे राहिले.