टिंडरीचा मोठा सिग्नल

गेल्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे टिंडरी गावातल्या एकाही मतदाराला आपण माणूस आहोत हे सिद्ध करता आले नाही. नगर परिषदेचा सचिव या नात्याने मी हे पूर्ण जबाबदारीने सांगतो आहे. तोवर आम्हाला याबद्दल शंका नव्हती. जनगणनेत आम्हाला माणसांतच मोजतात, करही माणसांकडूनच घेतात. पण सरकारी संकेतस्थळाचे मत वेगळे पडले, आणि त्याच्यापुढे जनगणनेचे काही चालत नाही.

प्रश्न पोहण्याच्या तलावाचा होता. आमच्या गावात तेव्हा एक पब, एक पेट्रोल पंप, एक शाळा, एक वाचनालय आणि एक तलाव होता. आमचा उन्हाळा डिसेंबरात येतो; पारा पंचेचाळीसवर गेला की गावात थंड जागा दोनच उरायच्या, आणि पबमध्ये पोरांना एकट्याने जाता येत नाही. नाताळच्या तोंडावर तलावाचा पंप बंद पडला. पूर्वी असे झाले की कोणीतरी पाना घेऊन जायचा आणि संध्याकाळपर्यंत काम उरकायचा. आता राज्याच्या जलक्रीडा खात्याने ‘लोकसहभाग’ आणला होता. नादुरुस्त तलावांची नावे संकेतस्थळावर टाकायची, लोकांनी मते द्यायची आणि सर्वाधिक मतांचा तलाव सरकारने दुरुस्त करायचा. बाकीच्या गावांनी काय करायचे? त्यांनी सहभागाचे समाधान मानायचे.

मार्नी ट्रेगेलस या पंधरा वर्षांच्या मुलीला हे समाधान मानणे जमेना. ती उन्हाळाभर त्या तलावातच राहायची, फक्त जेवायला बाहेर यायची. मार्चमध्ये जिल्ह्याच्या शर्यती होत्या, आणि टिंडरीतून पहिल्यांदाच कोणीतरी तिथे जिंकण्याच्या लायकीचे होते. तलावाला कुलूप लागल्यावर ती वाचनालयातल्या पंख्याखाली फोन घेऊन आडवी झाली. तिथे तिला जगातले सगळे निरुपयोगी ज्ञान सापडले. एका संकेतस्थळावर बटण दाबले की बदक माफी मागते. दुसऱ्यावर एक बटाटा टेकडीवरून घरंगळत राहतो, आणि तो कधी थांबेल हे कोणालाच माहीत नसते. तिसरे संकेतस्थळ आज मंगळवार आहे की नाही, एवढेच सांगते. बटाट्याचे संकेतस्थळ मीही कार्यालयीन वेळेत, निव्वळ चौकशीच्या हेतूने, दुपारभर पाहिले. बटाटा थांबला नाही.

या अनुभवाच्या जोरावर परिषदेने मार्नीला ‘डिजिटल सहभाग समन्वयक’ नेमले. पद बिनपगारी होते, पण नाव लांबलचक होते. तिची पहिली मतदार होती डॉट पॅस्को. डॉट ऐंशीच्या पुढची. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला पाण्यात ढकलून पोहायला तिनेच शिकवले आहे.

खात्याचे संकेतस्थळ उघडताच एक चौकट आली. ‘सगळे मान्य’ हे हिरव्या अक्षरांत ढळढळीत होते, आणि ‘अमान्य’ मुंगीएवढे. मग कोपऱ्यात एका हसऱ्या बाईचा फोटो उगवला. ‘मी क्लोई. मी काही मदत करू का?’ मार्नीने तिला बंद केले. क्लोई परत आली आणि आपल्याला का बंद केले, असे विचारू लागली. तेवढ्यात सुरक्षित पोहण्यावरचा व्हिडिओ आपणहून सुरू झाला, तोही इतक्या मोठ्याने की बाहेर झोपलेला कुत्रा उठून गेला. त्यानंतर पासवर्ड.

“कुत्र्याचं नाव चालत नाही म्हणतंय,” डॉट म्हणाली. “मग माणसानं लक्षात तरी काय ठेवायचं?”

“काहीही टाका. मी लिहून ठेवते.”

“लिहून ठेवू नका म्हणतंय.”

“ते सगळ्यांनाच म्हणतं हो, डॉट. त्याचं एवढं मनावर नका घेऊ.”

शेवटी चित्रे आली. एका रस्त्याच्या फोटोचे चौकोन पाडले होते, आणि वर लिहिले होते: ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री पटवा. ज्या चौकोनांत सिग्नल दिसतो ते निवडा.’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टिंडरीत सिग्नल नाही. शेजारच्या गावात नाही, त्याच्या शेजारच्यातही नाही. गाडीत बसून सकाळपासून रात्रीपर्यंत कुठल्याही दिशेला गेलात तर कांगारू दिसतील, सिग्नल दिसणार नाही.

“सिग्नल म्हणजे ते लाल-हिरवं ना?” डॉट म्हणाली. “ॲडलेडला पाहिला होता मी. लग्नाच्या आधी.”

“तेच ते. हा चौकोन, हा, आणि हा.”

“आणि हा खांब?”

“खांब नाही धरायचा.”

“का नाही? खांबाशिवाय तो काय हवेत उभा राहतो?”

याचे उत्तर खरे तर कोणाकडेच नाही. डॉटने खांब दाबला, आणि संकेतस्थळाने कळवले: ‘तुमचे वर्तन यंत्रासारखे वाटते. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

“यंत्र? मी?” डॉट ताडकन उठली. “हे ज्यानं केलंय ना, त्याला आण इथं. तसाच बुडवते.”

संध्याकाळपर्यंत पबमध्ये गावाचे दोन तट पडले. एक खांबवाले, एक दिवेवाले. रॉस आणि डेनी हे सख्खे भाऊ वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले. खांबवाल्यांचे म्हणणे, वस्तू म्हणजे अख्खी वस्तू. दिवेवाल्यांचे म्हणणे, दिवा गेला तर खांबाला कोण विचारतो? दोन्ही तटांची मते संकेतस्थळाने तितक्याच तत्परतेने नाकारली. नंतर त्याने झेब्रा क्रॉसिंग विचारले, आग विझवायचे नळ विचारले, नदीवरचे पूल विचारले. आमची नदी अधूनमधूनच वाहते आणि लोक तिच्यातून बूट न काढता पलीकडे जातात. पूल म्हणजे काय, यावर पबमध्ये तिसरा तट पडायच्या बेतात होता.

मार्नीला स्वतःचे मत देता येईना. सोळा वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागे, आणि पालकाने आधी आपण माणूस असल्याची खात्री पटवायची होती. तिचे वडील मेंढ्यांची लोकर कातरतात. त्यांचा अंगठा टेकला की एकदम चार चौकोन निवडले जात. शेवटी वैतागून मार्नी वाचनालयात बसली आणि एकेकाला समोर बसवून सगळ्यांची चित्रे तिनेच भराभर सोडवली. संकेतस्थळाने लगेच पूर्ण गावच महिनाभरासाठी बंद करून टाकले. ‘इतक्या वेगाने आणि अचूकपणे माणूस उत्तरे देत नाही,’ असे त्याचे म्हणणे होते. चुकलो म्हणून यंत्र, आणि बरोबर आलो म्हणूनही यंत्र!

प्रकरण परिषदेपुढे आले. महापौर नेव्ह प्रॉसर यांनी मार्नीला बोलण्याची परवानगी दिली.

“एवढं सगळं कशाला करायचं?” ती म्हणाली. “पंपाचा एक पट्टा तुटलाय. बाबा म्हणतात, एका दुपारचं काम आहे. तुम्ही फक्त कुलूप काढा.”

“अगं पोरी,” नेव्ह म्हणाले, “दुरुस्त केला तर स्पर्धेतून बाद होईल ना तलाव! स्पर्धा नादुरुस्त तलावांची आहे. बिघडलाय म्हणून तर आपल्याला संधी आहे.”

“पण दुरुस्त झाला तर स्पर्धा हवीच कशाला?”

“हे बघ, सरकार पैसे देतंय आणि आपण स्वतःच्या हातानं दुरुस्ती करून बसलो, तर लोक शेण घालतील तोंडात. गावातल्या माणसांना सिग्नल ओळखता येत नाही, हा खरा प्रश्न आहे. तो सोडवू या.”

सभेने एकमताने रस्ते खात्याकडे एका सिग्नलची मागणी केली. रस्ते खात्याने आमच्या रस्त्यावर वाहने मोजायला माणूस पाठवला. त्याला पावाचा ट्रक दिसला, आणि एक इमू पक्षी दोनदा दिसला. मागणी फेटाळली गेली. पण नेव्ह हार मानणाऱ्यांतले नाहीत. या देशात ज्या गावाला दाखवण्यासारखे काही नसते, ते रस्त्याकडेला एखादी वस्तू राक्षसी आकाराची करून उभी करते. कुठे घराएवढे केळे, कुठे देवळाएवढी मेंढी. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि आईस्क्रीम घेतात. अशा मोठ्या वस्तूंसाठी पर्यटन खाते आनंदाने पैसे देते. रस्ते खात्याला नको असलेला सिग्नल पर्यटन खात्याला हवा होता, फक्त तो पाच मजली हवा होता.

अटी दोनच होत्या. गावाने आपला वाटा घालायचा, आणि जागा सार्वजनिक, विजेची सोय असलेली, खोल पाया असलेली हवी. वाट्याचे पैसे फक्त तलावाच्या देखभाल निधीत होते, आणि तलाव बंद असल्याने तो निधी नुसताच पडून होता. अटीत बसणारी जागाही गावात एकच होती. तिला आयताच खड्डा होता, आतून फरशाही लावलेल्या.

“तलाव वाचवायला तलाव बुजवताय?” मार्नी ओरडली.

“बुजवत नाही. पाया भरतोय.”

“आणि पोहायचं कुठे?”

“ते मतदान झाल्यावर बघू. एका वेळी एकच गोष्ट कर, बाळ. तुमच्या पिढीचं हेच चुकतं, सगळं एकदम हवं.”

मी इतिवृत्तात नोंद केली: ‘युवा प्रतिनिधीने विधायक सूचना मांडल्या.’ ती बाहेर जाताना रडत होती. इतिवृत्तात त्यासाठी रकाना नसतो.

जानेवारी संपता संपता मोठा सिग्नल उभा राहिला. खांब जाडजूड केल्याने खांबवाले खूश झाले, आणि दिवे ट्रकच्या चाकांएवढे असल्याने दिवेवालेही. रॉस आणि डेनी पुन्हा एका टेबलावर बसले. रंग बदलायला रस्ते खात्याची परवानगी लागत असल्याने फक्त लाल दिवा चालू ठेवला. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पावाचा ट्रकवाला त्याच्यासमोर दुपारपर्यंत थांबून राहिला आणि गावाने पावाविना न्याहारी केली. पण त्याखाली वर्ग सुरू झाले. हा दिवा, हा चौकोन, हा खांब, खांब दाबायचा नाही. म्हातारीकोतारी टोप्या घालून उन्हात उभी राहून शिकली. आमच्यासमोर पोरे घामाने निथळत सिग्नलच्या सावलीत बसायची, आणि सावली सरकली की तीही सरकायची.

मग डॉटच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. मागोमाग सगळ्यांच्या. गावाने मते दिली आणि टिंडरी पहिले आले! बाकीची गावे अजून झेब्रा क्रॉसिंगपाशी अडकली होती.

बक्षीस द्यायला खात्याच्या अधिकारी ॲन्थिया क्रेन फीत आणि कात्री घेऊन आल्या.

“अभिनंदन! तलाव कुठे आहे?”

“तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात,” नेव्ह म्हणाले.

बाईंनी खाली पाहिले, मग मान मागे टाकून वर पाहिले. “नियमानुसार तलाव नादुरुस्त असावा लागतो,” त्या म्हणाल्या. “पण असावा लागतो.” निधी परत गेला. मात्र टिंडरीचा सहभाग राज्यात सर्वोत्तम ठरला आणि तसे प्रमाणपत्र आले. जाताना बाईंनी एक विनंती केली. आजच्या भेटीचा अनुभव कसा वाटला, ते संकेतस्थळावर तारे देऊन कळवावे.

त्या संध्याकाळी मार्नी पोहण्याची टोपी आणि चष्मा घालून आली, सिग्नलखालच्या तापलेल्या सिमेंटवर पालथी झाली आणि हात मारू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे तिची रांग असायची तिथूनच. कोपरे सोलवटली तरी थांबेना. डॉट काठावर, म्हणजे जिथे काठ होता तिथे, उभी राहून नेहमीसारखी ओरडत होती, “मान खाली! पाय सरळ!” वडिलांनी व्हिडिओ काढला. मार्नीने तो इंटरनेटवर टाकला, आणि खाली लिहिले, ‘आम्हाला तलाव परत हवा. इथे सही करा.’

व्हिडिओ जगभर फिरला. कोणी त्याला संगीत लावले, कोणी मार्नीला चंद्रावर पोहायला लावले. लाखोंनी हसून लोळणारे चेहरे चिकटवले. टिंडरीबाहेरून सह्या मात्र बोटांवर मोजण्याएवढ्याच आल्या.

“त्यांना तो विनोद वाटला,” मार्नी मला म्हणाली. “मला पोहायचं होतं.” मार्चमधल्या शर्यतींना ती गेली नाही. आता ती पुन्हा वाचनालयात पंख्याखाली बटाटा बघते.

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिलात. हसलात, घरच्यांच्या ग्रुपवर पाठवलात, सहीच्या दुव्यावर बोटही टेकवलेत. मग सही करण्यापूर्वी चित्रांचे चौकोन समोर आले, आणि ‘एवढ्यासाठी कोण ताप करून घेतो’ म्हणत तुम्ही ते पान बंद केलेत. आमच्या डॉटने, ऐंशी उलटलेली असताना, उन्हात उभे राहून ते शिकून घेतले होते. तुम्हाला तर सिग्नल रोज दिसतो.