सात नंबरचं मशीन

पाचला सुटी झाल्या झाल्या सुपरवायझर धावत फाटकावर आला आणि त्याने कार्ड टेकवलं. दांडा वर जायच्या ऐवजी लाल दिवा लागला.

साडेपाचला लेकीचं शाळेत नाटक होतं. आधीची दोन्ही नाटकं कारखान्याने गिळली होती. यंदाही साहेबांनी लवकर सोडायला साफ नकार दिला होता. "तू हललास की लाइन बंद पडते," म्हणे.

"मशीन बाहेर न्यायला गेटपास लागतो," पहारेकरी म्हणाला.

"कुठलं मशीन?"

पहारेकऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्हीच. सात नंबरचं."

नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून कारखान्यातलं प्रत्येक मशीन संगणकात चढवणं चालू होतं. मशीनजवळ गळ्यात काही लोंबू द्यायचं नाही, हा सुपरवायझरचाच कडक नियम. म्हणून त्याने आपलं कार्ड सात नंबरच्या दांडीला अडकवलं होतं, आणि सॉफ्टवेअरवाल्याने मशीनचं स्टिकर समजून नेमकं तेच स्कॅन केलं. त्यानंतर त्याच्या मोबाइलवर 'तेल बदला' असे निरोप येत होते, ते त्याला जाहिराती वाटले. फाटक त्या संगणकाला जोडलं गेलं ते मात्र आज दुपारी.

त्याने सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

"अहो, चालू मशीनची नोंद बदलता येत नाही," तो शांतपणे म्हणाला. "आधी तुम्हाला बंद करावं लागेल."

"मग कर की बाबा! कायमचं कर, पण मला सोड!"

त्याने संगणकावर सात नंबर बंद केलं. त्याबरोबर आत भोंगा वाजला, संगणकाने बिघाड फाटकावर दाखवला आणि दोन फिटर पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन पळत फाटकावर आले. सुपरवायझरला पाहून ते ग्रीसचा डबा पाठीमागे लपवू लागले. त्यांच्या मागून साहेब.

"सात नंबर का बंद आहे?"

"साहेब, सात नंबर मीच आहे! आणि माझी पोरगी तिकडे वाट बघतेय!" सुपरवायझरचा आवाज फाटला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. बंद केल्यावरही नोंद दुरुस्त व्हायला उद्या उजाडणार होतं. शेवटी त्यांनी चिडचिड करत गेटपास फाडला: सात नंबर, दुरुस्तीसाठी बाहेर, परत आणायचे आहे. खाली सोबत जाणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याचं नाव हवं होतं. तिथे त्यांनी स्वतःचं ठोकून दिलं.

दांडा वर गेला. पास खिशात घालून साहेब मागे वळले, तसा पहारेकरी खाकरला. "ज्याचं नाव, त्याने बरोबर जायचं. नियम तुम्हीच लावलाय, साहेब."

शाळेच्या सभागृहात बायको शेवटच्या रांगेत जागा धरून बसली होती.

"हे कोण?"

"माझे साहेब. आज माझी जबाबदारी यांच्यावर आहे."

"इतकी वर्षं माझ्यावर आहे," ती साहेबांना जागा करून देत म्हणाली, "मला कुणी साधी पावती दिली नाही."

साहेबांचा मोबाइल सारखा थरथरत होता. सात नंबर बंद, कारण द्या. सात नंबर बंद, कारण द्या. त्यांनी वैतागून तो बंद केला. तेवढ्यात पडदा उघडला.

राजवाड्याच्या दारात पुठ्ठ्याचा भाला घेऊन लेक उभी होती. तिची नजर रांगेरांगेतून बापाला शोधत मागे आली आणि थेट त्याच्यावर थांबली. सुपरवायझरने दोन्ही हात उंच केले. तिचा चेहरा फुलला, आणि तिने भाला आपटून साऱ्या सभागृहाला दरडावलं, "थांबा! परवाना दाखवा!"

शेवटच्या रांगेत साहेबांचा हात मुकाट्याने खिशाकडे गेला.