सपकाळ सर ओळख दाखवत नाहीत

भोसरीच्या भाजी मंडईत सपकाळ सरांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला ओळख दाखवली नाही. मेव्हणा मेथीची जुडी हातात घेऊन ‘अहो दाजी, दाजी’ करत मागे चालला होता आणि सर तोंड फिरवून कांद्याचा भाव विचारत होते. त्याला आता दोन वर्षं झाली. मेव्हणा अजून बोलत नाही.

सरांना गर्व वगैरे काही नाही. आमच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं मिळतात, त्या खिडकीमागे ते फार्मासिस्ट म्हणून बसतात आणि शेजारच्या टेबलावर मी समुपदेशक म्हणून. खिडकीवरचा माणूस बाहेर दिसला तर आपण होऊन ओळख द्यायची नाही, हे आम्हा सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. सरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं, एकाला नमस्कार केला आणि दुसऱ्याला टाळलं, तर लोक दुसऱ्याकडे संशयानं बघतात. त्यापेक्षा कुणालाच ओळखायचं नाही. ‘सरसकट,’ म्हणतात आणि हात आडवा फिरवतात. या सरसकटमध्ये मेव्हणा सापडला, आमचे मोठे डॉक्टर सापडले आणि एकदा बसमध्ये मी स्वतः सापडले. शेजारच्या सीटवर मी बसलेली, आणि हा माणूस दिघी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. पुढे दोन दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला, तो त्यांच्या लक्षातही आला नाही.

खिडकीच्या आत मात्र त्यांच्याइतकं ओळखणारं कुणी नाही. ही गोळी रोज, ठरल्या वेळी आणि जन्मभर घ्यायची असते. पेशंट डबी घेऊन आला की सर उरलेल्या गोळ्या ट्रेमध्ये ओतून मोजतात. तीन जास्त निघाल्या तर ते तीन दिवस कुठे होतात, ही चौकशी सुरू. गावच्या जत्रेला गेलो होतो म्हटलं तर जत्रा कुठल्या देवाची आणि जेवायला काय होतं, इथपर्यंत जातात. एकानं आकडा जुळावा म्हणून उरलेल्या गोळ्या येता येता गटारात टाकल्या. सरांनी त्यालाही पकडलं. इतक्या वर्षांत एकदाही न जुळलेला आकडा आजच कसा जुळला, एवढंच त्यांनी विचारलं. चाकणमधल्या कंपन्यांच्या शिफ्टा त्यांना तिथल्या सुपरवायझरपेक्षा जास्त पाठ आहेत. ‘कंपनीनं तुमची शिफ्ट बदलली, गोळीची नाही बदलली, भाऊ,’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकते.

तारीख चुकली की सर फोन लावतात. घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर ते गॅस एजन्सीचे होतात. एकदा माणमधल्या एका सासूबाईंनी फोन घेतला. तुमचा सिलेंडर आलाय, सूनबाईंना पाठवा, असं सर म्हणाले. ‘आमी परवाच घेतला की,’ म्हातारी म्हणाली. सर हटेनात. मग म्हातारीच तडक एजन्सीत गेली, तासभर भांडली आणि खरोखर एक सिलेंडर घेऊन आली. सूनबाईंना काय ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्या औषध न्यायला आल्या, तेव्हा हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं.

तर अशा सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडची चारशे माणसं येणार होती. सर दुपारी आपल्या बाजूची यादी करायला बसले आणि एकतिसाव्या नावाला अडकले. त्यात रुसलेला मेव्हणाही धरला होता. वहिनींनी घरी सुनावलं होतं, की आपली बाजू अशी ओस दिसली तर पोरीला सासरी काय किंमत राहील.

‘मॅडम,’ सर म्हणाले, ‘वीस वर्षं रोज शंभर माणसांशी बोलतोय. त्यातल्या एकालाही बोलावता येत नाही.’

पत्रिका द्या की, मी म्हटलं.

‘पत्रिका घरी गेली की घरचे विचारणार, हे सपकाळ कोण?’

मला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक पत्रिका खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटवली. सरांना ती दुपारी दिसली. त्यांनी ती काढली, मला चार शब्द सुनावले आणि संध्याकाळी माझा चहा घेतला नाही.

लग्नाला बेचाळीस जण आले. न बोलावता, आपापल्या जबाबदारीवर, इस्त्रीचे कपडे घालून. दारात वहिनी प्रत्येकाला तुम्ही कोण म्हणून विचारत होत्या. पंचविशीतला एक जण सरांचा शाळेतला मित्र निघाला. एक मेकॅनिकचाचा म्हणाले, सरांची स्कूटर मीच दुरुस्त करतो. वहिनींनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, आपल्याकडे स्कूटर कधी होती. ‘असेल,’ सर म्हणाले. दवाखान्यात आमच्या बाकावर सहा वर्षं शेजारी बसणारी दोन माणसं पंगतीत एकमेकांना आपलं गाव कोणतं म्हणून विचारत होती. सरांनी कुणाला साधा नमस्कार केला नाही. फक्त जिलेबीचं ताट घेऊन ते त्याच रांगेत पुन्हा पुन्हा फिरत राहिले.

पाठवणीच्या आधी ते माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. फेटा कानावर आला होता.

‘सगळे बरे दिसतात ना?’ ते हळूच म्हणाले. ‘अंगानं भरलेत.’

यातल्या निम्म्यांना पहिल्या दिवशी कुणीतरी धरून आणलं होतं. हो, म्हटलं, छान दिसतात.

‘चिखलीच्या ताई नाही आल्या.’

काम असेल, मी म्हटलं.

‘सोमवारी औषधालाही नव्हत्या आल्या.’

गाडीपाशी मुलगी थांबली होती, वहिनी हाका मारत होत्या. सर उपरण्यानं डोळे पुसत उठले, दोन पावलं गेले आणि परत आले.

‘उद्या माझी रजा आहे,’ ते म्हणाले, ‘पण मी नऊला येतो. पहिला फोन त्यांना लावू.’