सहा वाजून दहा मिनिटांचे ठोके

सरासरीरावांनी मनगटावर बांधायची दोन घड्याळं आणली, एक स्वतःला आणि एक बायकोला, इथपर्यंत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पावलं, झोप आणि हृदयाचे ठोके मोजणारी ती घड्याळं होती. चुकलं ते पुढे. दोन्ही घड्याळं त्यांनी आपल्याच फोनला जोडली आणि रविवारी सकाळी, दाढी अर्धवट सोडून, बायकोचा आठवड्याचा आलेख उघडला.

(सरासरीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण पाणीपुरवठा खात्याच्या आकडेवारी विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कचेरीतले लोक दुसरं काय म्हणणार? "आज उकडतंय हो," असं कुणी म्हटलं, की हे विचारायचे, "कशाच्या तुलनेत?")

आलेखात दिवसभर सगळं शांत होतं. बहात्तर, पंच्याहत्तर, फार तर ऐंशी. आणि रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एकदम एकशे अठरा! सोमवारी तेच, मंगळवारी तेच. शनिवारी मात्र सहाला काही नाही, दुपारी दोनला उसळी. शनिवारी कचेरी अर्धा दिवस.

"म्हणजे मी आल्यावर!" सरासरीराव फेसाळल्या गालासकट ओरडले.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. आपण बायकोला आवडतो की नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. वेळ मिळाला नाही, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे धीर झाला नव्हता. "अहो, दूध आणा" आणि "अहो, पंखा बंद करा" यांतून प्रेमाची टक्केवारी काढणं त्यांच्यासारख्या जाणत्यालाही जमलेलं नव्हतं. आणि आता हा पुरावा! त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तरी एका आठवड्यावर निष्कर्ष काढायचा म्हणजे खात्याची अब्रू घालवायची. सोमवारपासून त्यांनी रीतसर प्रयोग सुरू केला.

सोमवारी मुद्दाम साडेपाचलाच आले. फाटकाशी नेहमीसारखा स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवला (हा त्यांचा जुना शिरस्ता, फाटक उघडंच असतं, तरीही), तीन मजले चढले, बेल दाबली. बायकोने दार उघडलं. चेहरा लाल, केस विस्कटलेले, श्वास फुललेला. फोनवर पाहिलं तर साडेपाचला एकशे एकोणीस.

मंगळवारी अत्तर लावून आले. उत्साहाच्या भरात दोन-दोन पायऱ्या चढले. एकशे एकतीस! शिवाय त्या दिवशी बायकोने ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली आणि आत पळाली. "लाजली!" सरासरीराव दारातच पुटपुटले. वीस वर्षांनी लाजली!

बुधवारी स्कूटर दुरुस्तीला होती. "बसने येतोय, पाऊण तास लागेल," असा त्यांनी फोन केला. त्या दिवशी बायकोचे ठोके चौऱ्याहत्तरच्या वर हललेसुद्धा नाहीत. सरासरीराव क्षणभर हिरमुसले. मग आरशात पाहिलं. बसच्या गर्दीत शर्ट चुरगळला होता, केस भुतासारखे उभे होते. अशा माणसाकडे बघून कुणाचं काळीज धडधडेल? बुधवार त्यांनी अपवाद म्हणून वगळून टाकला. (वास्तविक सगळं गुपित त्या बुधवारातच होतं. पण प्रेमात पडलेल्या आकडेतज्ज्ञाला कोण सांगणार?)

गुरुवार, शुक्रवार पुन्हा एकशे वीसच्या पुढे. सरासरीरावांचे पाय जमिनीवर ठरेनात. कचेरीत ते शिट्टी वाजवू लागले. शिपायाने दोनदा वर पाहिलं, नळ फुटलाय की काय म्हणून.

रविवारी मेहुणी जेवायला आली. ती इस्पितळात नर्स. कॉलेजात जाणारी लेकही घरातच होती. एवढा जाणकार श्रोतृवर्ग पुन्हा कधी मिळायचा? जेवणं आटोपताच सरासरीराव टीव्हीसमोर उभे राहिले, आणि फोन टीव्हीला जोडून त्यांनी भला मोठा लाल आलेख सगळ्यांसमोर उभा केला.

"हे काय आणखी?" बायकोने विचारलं.

"तुझं हृदय," सरासरीराव सद्गदित होऊन म्हणाले. "बोलत नाहीस, पण मला सगळं कळलंय. मी आलो की त्याचं काय होतं, ते बघा सगळ्यांनी."

लेकीने डोक्यावर हात मारला. मेहुणी मात्र खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेली.

"एकशे एकतीस? ताई, बसल्या जागी?"

"प्रेम आहे ते," सरासरीरावांनी समजावलं.

"भावोजी, तुम्ही गप्प बसा! ताई, चक्कर येते? छातीत दुखतं? उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. कार्डिओग्राम काढू, रक्त तपासू, दोन दिवस ठेवूनच घेऊ तुला."

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"सगळे पेशंट असंच म्हणतात."

"अगं, पळते मी!" बायको शेवटी ओरडली. "यांचा हॉर्न वाजला की पळते!"



"कुठे?" सरासरीरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

बायकोने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे सरासरीरावांचं टेबल होतं. घरातलं सगळ्यात मोठं, खिडकीशी असलेलं, उजेडाचं टेबल. त्यावर कागदांचे अकरा ढीग आणि 'हात लावू नये' अशी पाटी. पुढेमागे या कागदांतून एक थोर ग्रंथ निघणार होता. नऊ वर्षांत एक पानही निघालं नव्हतं.

"मला पडदे शिवायची कामं मिळतात," बायको म्हणाली. "कापड कापायला मोठं टेबल लागतं. सकाळी तुम्ही गेलात की ढीग उतरवते. हॉर्न वाजला की तुम्ही वर येईपर्यंत चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात कापड, कात्री, मशीन पलंगाखाली आणि अकरा ढीग जागच्या जागी. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय, कुठला कुठे ते. त्या मंगळवारी तुम्हाला कसली घाई झाली होती कोण जाणे! टाचण्या तोंडातून काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही."

सरासरीरावांच्या डोळ्यांसमोर मंगळवारची लाज उभी राहिली, टाचण्यांसकट.

"आणि बाबा," लेक म्हणाली, "पाचव्या आणि सातव्या ढिगाची दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून अदलाबदल झालीय. तुम्हाला कळलंच नाही."

फुग्यातली हवा गेली. सरासरीराव सोफ्यावर बसले. मग, वीस वर्षं न झालेला धीर करून, आलेखाकडे पाहत हळूच म्हणाले, "म्हणजे... माझ्यासाठी काहीच नाही त्यात?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं आणि थोडं वाईटही वाटत होतं.

"अहो, आवडता म्हणूनच पळते ना? नाहीतर पहिल्याच दिवशी ते ढीग खिडकीतून फेकले असते."

सरासरीराव ताडकन उठले. आतल्या खोलीत गेले, पाटी काढली, आणि अकराच्या अकरा ढीग स्वतःच्या हातांनी माळ्यावर चढवले. मेहुणीने टाळ्या वाजवल्या.  बायकोने टेबलावरून फडकं फिरवलं आणि मशीन अगदी मधोमध आणून ठेवलं.

सोमवारी सरासरीराव सहा वाजून दहा मिनिटांनी आले. बायको टेबलाशी पडदा कापत होती. "आलात? चहा ठेवते," म्हणाली. श्वास फुललेला नव्हता. पण आज त्यांना आलेखाची गरजच नव्हती. आज ते स्वतः बोलणार होते. चहा झाल्यावर तिला समोरच्या खुर्चीत बसवून, वीस वर्षांत न सांगितलेलं सगळं त्यांनी सांगितलं. ती त्यांना किती आवडते, कधीपासून, कोणत्या वर्षी किती वाढ झाली, घट कुठे दिसते आणि ती का तात्पुरती मानावी, सगळं मुद्देसूद. चाळीस मिनिटं ती त्यांच्याकडे एकटक पाहत "हं... हं..." म्हणत होती. सरासरीरावांचं मन भरून आलं.

मंगळवारी सकाळी दाढी करता करता त्यांनी सहज फोन उघडला. सहा वाजून दहा मिनिटांनी सहासष्ट. ठीक आहे, म्हणजे पळणं थांबलं. पण साडेसहा ते सात दहापर्यंत एक निळी पट्टी होती. ती त्यांनी पूर्वी फक्त रात्रीच्या रकान्यात पाहिली होती.

"हा निळा रंग कशाचा गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हलकी झोप, बाबा."

"अगं, कसं शक्य आहे? डोळे उघडे होते तिचे!"

आतून कात्री चालल्याचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला.

"हं..." बायको म्हणाली.