आधी पंचनामा, मग पेचकस

अय्यूबभाईंकडे कॅमेरा दुरुस्तीला द्यायचा म्हणजे आधी जबानी द्यावी लागे. काउंटरवर कॅमेरा ठेवला तरी ते त्याला हात लावत नसत. चष्मा कपाळावर सरकवून आधी तुमच्याकडे बघत.

"कसा पडला?"

"पडला नाही ओ, आपोआप बंद झाला."

"आपोआप तर संगमनेरात नळाला पाणीसुद्धा येत नाही. बसा. आधी पंचनामा, मग पेचकस."

मग समोरच्या टपरीवरून चहा यायचा. गिऱ्हाइकाने चहा घेतला की तो फसला. दुसऱ्या कपापर्यंत बहुतेक जण खरं बोलून मोकळे व्हायचे. एकाने कॅमेरा साडूला फेकून मारला होता. एकाने बायकोला "जरा मागे सर, अजून मागे" करत विहिरीच्या कठड्याला टेकवलं होतं, आणि मग तिनेच कॅमेरा त्याच्या हातातून हिसकून आपटला होता. अय्यूबभाई मान डोलवत ऐकायचे, मध्येच "मग वहिनी काय म्हणाल्या?" असं विचारायचे आणि सगळं ऐकून झालं की म्हणायचे, "आता कसं. आता कॅमेऱ्यालाही बरं वाटेल."

त्यांचा अंदाज नेहमी बरोबर असे असं मात्र नाही. एका शिक्षकाचा कॅमेरा बघून त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "हे घरातलं भांडण आहे. लपवू नका." शिक्षक बिचारे अविवाहित. त्यांच्या शेळीने कॅमेरा टेबलावरून पाडला होता. "म्हणजे घरातलंच ना," अय्यूबभाई म्हणाले, आणि माघार न घेता चहा मागवला.

बस स्टँडमागच्या गल्लीत, रसवंती आणि मोबाईलच्या कव्हरांचं दुकान यांच्यामध्ये त्यांची ही खोली. वरच्या मजल्यावर राहायला तेच, एकटे. भाभी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मालेगावला दिलेली. मोबाईलवर त्यांचा राग. कोणी मोबाईलने फोटो काढताना दिसला की म्हणत, "चालू द्या, काच पुसायचं काम चालू द्या." पण दिवसातून दोनदा त्याच मोबाईलवर नातवाचा फोटो मोठा करून मला दाखवत, आणि फोटो किती वाईट काढलाय तेही सांगत.

माझा फोटो स्टुडिओ त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. मी कमी बोलणारा माणूस. आमच्या धंद्यात ते खपून जातं. "हसा" आणि "हनुवटी खाली" एवढ्यावर माझा संसार चालला. अय्यूबभाईंकडे मी रोज चारच्या चहाला जायचो. ते बोलायचे आणि मी ऐकायचो. कुणाला काही खरं सांगायची पाळी माझ्यावर फारशी आली नव्हती.

दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं. मग ते कप डाव्या हाताने उचलू लागले आणि उजवा हात पिवळ्या फडक्याखाली ठेवू लागले. त्याच सुमारास माझा एक कॅमेरा त्यांनी दुरुस्त करून दिला. घरी येऊन हलवून पाहिला, तर आत काहीतरी खुळखुळत होतं. एक स्क्रू आत सुटला होता. मागच्या झाकणावर पेचकस घसरल्याचा चंद्रकोरीसारखा ओरखडा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय दिघे शेठ, कसा चाललाय?"

"झकास," मी म्हणालो.

आणि तो कॅमेरा गुपचूप नाशिकला नेला. तिथल्या दुकानाच्या पायऱ्या चढतोय, तर वरून आमच्याच रस्त्यावरचे फोटोग्राफर वाकचौरे उतरत होते.

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"मेव्हण्याकडं आलतो. तुम्ही?"

"पंचवटीत, दर्शनाला."

दर्शनाला कोणी कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावून जात नाही आणि वाकचौऱ्यांना मेव्हणाच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात आतून दुकानदार ओरडला, "संगमनेरचं आणखी कोणी खाली आहे का? असेल तर एकदमच घेतो."

मग आम्ही लाजणं सोडलं. कोणी नाशिकला निघाला की बाकीच्यांचे कॅमेरे बरोबर न्यायचा. रीतच पडली: आधी अय्यूबभाईंकडे द्यायचा, पंचनामा द्यायचा, चहा प्यायचा, कॅमेरा परत घ्यायचा, "झकास" म्हणायचं आणि नाशिकला पाठवायचा. आम्हाला वाटत होतं, आपण केवढं मन राखतोय म्हाताऱ्याचं.

या रिवाजाची कल्पना नसलेला एकच माणूस होता, पुणतांब्याचा संतोष. शेती सांभाळून लग्नाचे फोटो काढतो. एका दुपारी मी अय्यूबभाईंसमोर चहा पीत बसलेलो, तर त्याचा फोन आला.

"शेठ, बटन अडकतंय. परवा लगीन हाय. चाचाकडं देऊ का सरळ नाशिकला जाऊ?"

त्याचा आवाज खणखणीत. समोर अय्यूबभाईंनी ऐकलं होतं. फडकं हातात तसंच धरून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चाचांकडेच दे," मी म्हणालो. "नाशिकला कशाला?"

अय्यूबभाईंनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. तोही मी प्यालो.

लग्नात अंतरपाट दूर झाला, हार वर गेले आणि संतोषचा कॅमेरा मुका झाला. दुसऱ्या दिवशी त्याने उसना कॅमेरा आणून, हातापाया पडून ते सगळं पुन्हा करवून घेतलं. मामाने परत अंतरपाट धरला. भटजी निघून गेलेले, म्हणून मंगलाष्टकं मोबाईलवर लावली. अक्षता टाकायला शेजारच्या बायका बोलावल्या, आणि नवरा इतका खुशीत की नवरीने हार घालायच्या आधीच त्याने मान पुढे केली. ते फोटो संतोषने मला दाखवले तेव्हा आम्ही दोघेही पोट धरून हसलो. हसता हसता तो म्हणाला, "पोरीचा बाप म्हनतो, ह्याच्यामुळं माज्या पोरीचं दोनदा लगीन लावावं लागलं. आता गावात मला कोन बोलवतंय? धाकटीचं लगीन दुसऱ्याला दिलं बी." अय्यूबभाईंबद्दल तो एक शब्द बोलला नाही. माझ्याबद्दलही नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी चारच्या चहाला जाताना मनात वाक्यं जुळवायचो आणि तशीच परत आणायचो. शेवटी एकदा, ते दुसऱ्या कुणाचा तरी कॅमेरा उघडायला घेत असताना, म्हणालो, "अय्यूबभाई, तो उघडू नका."

"का?"

"माझा तुम्ही दिला तेव्हा आत स्क्रू खुळखुळत होता. मी नाशिकहून नीट करून आणला. संतोषचा लग्नात बंद पडला. त्याला तुमच्याकडे मीच पाठवला, माहीत असून."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. तो काउंटरवर थोडा घरंगळला.

"आणखी कोण जातं नाशिकला?"

"सगळेच."

"वाकचौरे?"

"तेच आधी."

त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे त्या नाशिकवाल्याचं घर मी चालवतोय. त्याने ईदला तरी फोन करायचा होता." आपल्याच बोलण्यावर ते हसले, पण हसू पुरं झालं नाही. "दिघे शेठ, मला वाटायचं हात हलतो तरी काम जमतंय. इतकी माणसं झकास म्हणतात, ती काय सगळी खोटं बोलतील?"

मी घरंगळलेला पेचकस उचलून जागेवर ठेवला.

"एक माझीही जबानी घ्या मग," ते म्हणाले. "कॅमेरा कसा पडला ते ऐकायची काही गरज नसते. खोलला की बिघाड दिसतोच. पण वर गेलं की चार भिंती. इथं निदान माणूस बसून खोटं तरी बोलतो."

मग त्यांनी तो कॅमेरा फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि टोपी घातली. "गाडी काढा. पुणतांब्याला जाऊ."

संपूर्ण रस्ताभर माझ्यामागे बसून त्यांनी डाव्या हाताने गाडीचं कॅरिअर घट्ट धरलं होतं. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता.

संतोष गोठ्यापाशी भेटला. आम्हाला बघून गडबडला. अय्यूबभाई ओट्यावर बसले आणि सरळ म्हणाले, "तुझा कॅमेरा माझ्या हाताने बिघडला."

"न्हाई ओ चाचा, काय बी काय. माज्याच हातनं पडल्ता."

"कुठं?"

"ते... मांडवात."

"मांडवात गादी असते. गादीवर पडून कोणता कॅमेरा बिघडतो?"

"मग बाहीर पडला आसल," संतोष म्हणाला, आणि माझ्याकडे बघू लागला.

अय्यूबभाईंनी खिशातून हात काढून त्याच्यासमोर धरला. हात लपवायचा प्रयत्न सुटल्यावर तो मला वाटलं होतं त्याहून जास्त हलत होता. संतोषने तो बघितला. मग आत वळून आईला म्हणाला, "आये, च्या टाक." अय्यूबभाई तशाच धरलेल्या हाताने म्हणाले, "त्या पोरीच्या बापाकडे मला घेऊन चल. चूक कोणाची ते मी सांगतो." संतोष नको नको म्हणत होता, पण गेलो. बापाने ऐकून घेतलं. मग तो एवढंच म्हणाला, "म्हातारं मानूस एवढ्या लांबून आलं, आता काय बोलायचं." धाकटीचं काम संतोषला परत मिळालं नाही. पुतणीच्या साखरपुड्याला बघू, असं मात्र तो दारापर्यंत येऊन म्हणाला.

परतताना ऊन कललं होतं. राहाता मागे टाकलं. मग अय्यूबभाई वाऱ्यात मोठ्याने म्हणाले, "दुकान बंद नाही करणार. सेल विकीन, कॅमेऱ्याचे पट्टे विकीन. पण खोलणार नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "खोलणार नाही म्हटल्यावर कोण येणार ओ?"

"येतील की सगळे," हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी येईन."

पुढे उसाची ट्रॉली होती, तिच्या मागे मी गाडी हळू केली. तेव्हा माझ्या खांद्यावर त्यांचा उजवा हात येऊन बसला. थरथर शर्टातून जाणवत होती. ट्रॉली वळून गेली, रस्ता मोकळा झाला, लोणी मागे पडलं, तरी तो हात तिथेच होता.