बटण, हजर हो!

बटणला दोरी बांधायला दोन मिनिटं लागतात आणि चार ओले टॉवेल वाळत घालायला तीन. एवढ्याशा कामासाठी कशाला बांधायची दोरी, असं माझ्या मनात आलं. माझं चुकलं ते एवढंच. पुढचं सगळं बटणने केलं.

बटण म्हणजे आमचा कुत्रा. उंची फार तर वीतभर, पण हट्ट दोन माणसांना पुरून उरेल इतका. लेकीने हौसेने आणला, आणि तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा बटण आणि त्याचं जेवणाचं ताट दोन्ही माझ्या हवाली करून गेली. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. दिवसभर मशीन चालतं आणि बटण माझ्या डाव्या पावलावर हनुवटी टेकून झोपतो. लेक गेल्यावर घर खायला उठेल असं सगळे म्हणत होते. नाही उठलं. पायावर एवढं ऊबदार वजन असलं की घराची काय बिशाद!

तर त्या सकाळी मी टॉवेल झटकला आणि बटण उघड्या दारातून अंगणात गेला. तिथे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बॅगा भरत होते. चारही दारं उघडी. बटण आत शिरला आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

"बटणू, ये हं बाळा," मी म्हणाले.

बटणने स्टिअरिंगकडे पाहिलं.

"वहिनी, बोलवा ना त्याला!"

"बोलावतेय की."

"मग जरा मोठ्याने!"

"हे मोठ्यानेच आहे हो."

(इथे खुलासा करायला हवा. माझा आवाज जन्मापासूनच असा आहे. दुकानात मी काही मागितलं की दुकानदार माझ्या मागच्या माणसाला विचारतो, काय देऊ?)

सेक्रेटरी पुढच्या दाराने आत वाकले की बटण मागच्या सीटवर. ते मागे आले की हा पुढे. वीस मिनिटांनी तो स्वतःच कंटाळून उतरला, तोवर साहेबांची ट्रेन निघून गेली होती आणि शर्टाची इस्त्रीही.

"हे बघा वहिनी," ते धापा टाकत म्हणाले, "पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता याला इथे मोकळा सोडायचा आणि हाक मारायची. आला तर राहू दे. नाही आला तर त्याची दुसरीकडे सोय बघा. हाकेला न येणारं जनावर या इमारतीत नको."

एवढ्यात खिडकीतून सासऱ्यांचा आवाज आला, "किती हाका?"

"म्हणजे काय काका?"

"पुकारे नियमाने तीन असतात. तिसऱ्याला आला नाही तर गैरहजर."

माझे सासरे कोर्टात शिपाई होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांना पुकारायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. सेक्रेटरीही नियमाचे भोक्ते. "बरं, तीन," म्हणाले.

मी लगोलग जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नव्हते, पण कंपाउंडर अनुभवी होता. तो म्हणाला, "सोपं आहे ताई. हाक एकदाच मारायची. आला की लगेच खाऊ. आणि हाक मारून आंघोळ घालायची नाही, कानात औषध घालायचं नाही. तुम्ही आतापर्यंत कशासाठी बोलवायचात?"

"आंघोळीसाठी," मी म्हणाले. "आणि कानात औषध घालायला."

कंपाउंडरने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं बटणसुद्धा कधी पाहत नाही.

मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि एक अंडं उकडलं. पण सासऱ्यांना काही ते पटेना.

"हाक एकदाच? सूनबाई, एका हाकेला कोण येतं? माझ्या पुकाऱ्याला दरोडेखोर आलेत, पण तिसऱ्यालाच. पहिला पुकारा ऐकण्यासाठी, दुसरा उठण्यासाठी, तिसरा येण्यासाठी. तू अंडं धर, बाकी माझ्यावर सोड."

असं म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "बटण, हजर होऽऽ!"

कपाटावरचा डबा थरथरला. बटणने कान खाजवला. दुसऱ्या पुकाऱ्याला त्याने आळस दिला. तिसऱ्याला मात्र मी अंडं पुढे केलं आणि तो आला.

आठवडाभर हेच चाललं. रोज सकाळ-संध्याकाळ तीस पुकारे, दहा हजेऱ्या, दोन अंडी. आणि बटण शिकला हो! अगदी चोख शिकला. पहिल्या पुकाऱ्याला कान खाजवायचा, दुसऱ्याला आळस द्यायचा आणि तिसऱ्याला सुटायचं ते थेट अंड्यावर. पहिल्या दोन हाकांना हे करणं हा त्याला अभ्यासाचाच भाग वाटत असावा. सेक्रेटरींनी तीन हाका मान्य केल्या होत्या, त्यामुळे मलाही काळजी नव्हती.

"मलाही कधी अशी अंडं धरून हाक मार की," आमचे हे म्हणाले.

"तुम्ही हाकेआधीच टेबलावर असता," सासरे म्हणाले.

फोनवर लेकीने विचारलं, "आई, तू मारून बघितलीस का हाक?"

"मारली ना."

"हाक मारलीस की विनंती केलीस?"

आईला असं बोलतात का? पण पोरगी खरं तेच बोलत होती. माझ्या हाकेला बटण शेपूट तेवढी हलवायचा. मशीनची घरघर आणि माझा आवाज त्याला सारखाच.

रविवारी सकाळी सहाला सासरे स्वयंपाकघरात आले, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. आठवडाभराच्या पुकाऱ्यांनी घसा पार बसला होता. मी गरम पाणी दिलं, मीठ दिलं, मध दिला. पावणेसातला थोडासा आवाज फुटला. तो उकळत्या किटलीसारखा होता.

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी?" मी म्हणाले. (तेही कुणाला ऐकू गेलं नाही.)

अंगणात सेक्रेटरी घड्याळ घेऊन उभे. वरच्या मजल्यावरच्या मावशी बाल्कनीत खास खुर्ची टाकून बसलेल्या. गेट सताड उघडं. "बंद गेटात परीक्षा कसली?" असं सेक्रेटरींचं म्हणणं. मी बटणला सोडलं. तो कुंड्या हुंगत हुंगत निघाला, गेटकडेच.

"करा वहिनी सुरुवात."

"झाला की एक."

"कधी?"

"आत्ताच."

"मी ऐकला ग तुझा," वरून मावशी म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो. त्यांनी काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या पुकाऱ्याला मी सगळा जोर लावला. सेक्रेटरींनी मान डोलावली, म्हणजे निदान ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. बटण गेटात पोचला. त्याने कान खाजवला नाही की आळस दिला नाही. एक पाय रस्त्यावर टाकला आणि समोरून येणाऱ्या पाववाल्याच्या सायकलकडे पाहू लागला.

सासरे हातवारे करत होते. आता एकच हाक उरली होती. मला माझं डावं पाऊल दिसलं, मशीनखालचं, रिकामं आणि गार.

मग काय झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. पंचेचाळीस वर्षं जे जे मी हळू आवाजात बोलत आले, ते सगळं एकदम वर आलं.

"बटण! हजर होऽऽऽ!"

पाववाला सायकलवरून उतरून म्हणाला, "ताई, मी काय केलं?" तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर अर्ध्या दाढीला फेस लावून जिन्यातून धावत खाली आले, "कुठे लागलीय आग?" मावशींची खुर्ची कलंडली. सेक्रेटरी ताठ उभे राहून "हजर" म्हणाले. आणि बटण कान मागे टाकून जो सुटला, तो माझ्या डाव्या पावलावर येऊन बसला. अंडंसुद्धा त्याने मागितलं नाही.

मी तिथेच खाली बसले आणि त्याला पोटाशी धरून चांगली रडले. सासरे टाळ्या वाजवत होते. बोलता येत नव्हतं, म्हणून जास्तच.

संध्याकाळी सेक्रेटरींचं पत्र आलं. मी चष्मा लावून वाचलं: "कुत्रा हाकेला येतो, हे प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या राहण्यास हरकत नाही. मात्र बाईंच्या आवाजाबद्दल सात घरांतून तक्रार आली आहे. यापुढे घरातील जबाबदार व्यक्तीने बाईंवर लक्ष ठेवावे."

खाली 'मान्य' असं लिहून आमच्या ह्यांनी केलेली ठसठशीत सही होती.

"अहो, न वाचताच सही केलीत?" मी विचारलं.

"नाही, नाही," हे म्हणाले. "दोनदा वाचलं."