कातळवाडीचा शाश्वत पाणीपुरवठा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कातळवाडीच्या रस्त्यावर दरड आली आणि लोहगडाच्या अंगावरची ती चाळीस घरं तालुक्यापासून तुटली. विजेचे खांब आडवे झाले, विहिरीत चिखल उतरला. पायथ्याच्या औंढे गावातल्या दत्तोबांची लेक अनिता त्याच वाडीत नांदत होती आणि तिला बाळंत होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. दत्तोबांनी शेजाऱ्याच्या टेम्पोत पाण्याचे वीस जार चढवले आणि निघाले.

दरडीच्या अलीकडे एक मांडव होता. ‘मानवतावादी व शाश्वत मदत-पुरवठा साखळी कक्ष’ असा त्यावर कापडी फलक. कक्षाच्या शिक्क्याशिवाय कोणतीही मदत पुढे सोडू नये, असा वरून आदेश होता. कक्षप्रमुख अनुष्का मॅडम अतिशय मृदू बोलत.

“आबा, तुमच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण जार प्लास्टिकचे आणि टेम्पो डिझेलचा. एका आपत्तीत मदत करताना आपण पुढची आपत्ती ओढवून घ्यायची का?”

दत्तोबांना पटलं. शिकलेलं माणूस बोललं की त्यांना पटायचंच. ते घरी गेले, पितळी कळशा काढल्या आणि बैलगाडी जुंपून परत आले.

“चढ आहे, निसरडं आहे,” मॅडम हळहळल्या. “मुक्या जिवांवर ताण येईल. त्यांची संमती कुणी घेतली?”

“मॅडम, बैल लय खूश हायेत. चार दिस गोठ्यातच व्हते.”

“तसं लेखी लागेल.”

दत्तोबांनी बैल सोडले. दोन कळशा कावडीला बांधून खांद्यावर घेतल्या.

“वय काय आपलं?”

“चौसष्ट.”

“चौसष्ट वर्षांच्या श्रमिकाकडून ओझं वाहून घ्यायचं? आमच्या साखळीत कुणाचंही शोषण होत नाही, आबा.”

“मी माज्या लेकीला पानी नेतूय. माजं शोषन कोन करतंय?”

“शोषिताला ते कळत नाही, हेच तर दुःख आहे.”

कक्षाचं स्वतःचं साहित्यही वाटेत होतं. बांबूच्या बाटल्या घेऊन निघालेला विजेवरचा ट्रक चार्जिंगसाठी उर्से टोलनाक्यापाशी कालपासून उभा होता. घाईही नव्हती. गरजेची नोंद मोबाइलवर करायची होती आणि वाडीत रेंज नसल्यामुळे एकही अर्ज आला नव्हता. त्यामुळे कातळवाडीला अद्याप अधिकृत तहान लागलेली नव्हती.

इतक्यात अनिताचा दीर सुरज डोंगर उतरून आला. चिखलानं माखलेला, धापा टाकत.

“आबा, वहिनीला ताप भरलाय. गढूळ पानी उकळावं तर सरपन सगळं भिजलंय.”

दत्तोबांनी कावड उचलली आणि मांडवाला वळसा घालून सुरजच्या मागोमाग सरळ रानात शिरले.

“आबा, शिक्का!” मॅडम कळवळून ओरडल्या.

वाटेत दत्तोबांचा पाय घसरला आणि एक कळशी दरीत गेली. दुसरी पोटाशी कवटाळून ते गुडघ्यांवर रांगत चढले. वाडीत पोचल्यावर त्यांनी आधी लेकीसाठी पेला भरला. अनितानं पेला तोंडाला लावला. बाप भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मग उरलेलं पाणी घरोघर वाटीवाटीनं गेलं. दुसऱ्या दिवशी औंढ्याची पंधरा माणसं त्याच वाटेनं विनापरवाना कळशा घेऊन चढली.

पाचव्या दिवशी ट्रक आला. बाटल्या रिकाम्या होत्या. पाणी स्थानिक स्रोतातूनच भरावं, हे शाश्वततेचं पहिलं तत्त्व असल्याचं मॅडमनी समजावलं. अहवालात प्लास्टिक शून्य, धूर शून्य, शोषण शून्य भरलं. पाण्याचा रकाना अहवालात नव्हता.

अनिताचा ताप उतरला. कक्षानं दत्तोबांच्या हातात बांबूची रिकामी बाटली देऊन, त्यांना तीनदा हसायला लावून एक चित्रफीत काढली. त्या चित्रफितीला समाजमाध्यमावर साडेतीन लाख लाल बदाम मिळाले. त्यातला एक आपला. आठवून पाहा, तो पाठवल्यावर दिवसभर आपल्याला कुणाला तरी पाणी पाजल्यासारखं किती बरं वाटत होतं.